ताईचा बडोद्याच्या वाड्यातला हिस्सा, बँकेतली ठेव आणि लेस्टरमधली सरकारी मदत

सुरसागरकाठचा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे घर बडोद्यात दांडिया बाजारात आहे. आजोबांच्या काळातला दुमजली वाडा, खालच्या मजल्यावर एक जुने भाडेकरू आणि वर आई, मी व माझी पत्नी अशी सध्याची, म्हणजे २०२५ ची, स्थिती आहे. वडील २०१९ मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते, म्हणून वारसाईत आई, माझी मोठी बहीण आणि मी अशी तीन नावे लागली आणि प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश ठरला. आईचे वय ८४ आहे.

ताई आणि भावोजी बरीच वर्षे लेस्टरला राहतात आणि दोघेही आता ब्रिटिश नागरिक आहेत. भावोजी ६८ वर्षांचे आहेत. तिकडे त्यांची नोकरी उशिरा सुरू झाली, तिथल्या राष्ट्रीय विम्याचे हप्ते केवळ १४ वर्षांचे भरले गेले आणि त्यामुळे त्यांचे सरकारी पेन्शन तुटपुंजे आहे. ताईचा जन्म फेब्रुवारी १९६० चा आहे आणि गुडघ्यांमुळे तिने मागच्या वर्षी काम सोडले. दोघे भाड्याच्या घरात राहतात आणि त्याचे भाडे महिना ४८० पौंड आहे. तिच्या तिथल्या खात्यात सुमारे ५,००० पौंड आहेत आणि इथे बडोद्यात तिच्या नावावर ४,६०,००० रुपयांची एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) ठेव आहे. याखेरीज आईच्या १२ लाखांच्या मुदत ठेवीवर दुसरे नाव ताईचे आहे.

आता त्यांना तिथल्या मदतीसाठी अर्ज करायचा आहे. तिला कोणी तरी सांगितले की भारतात घर असेल तर एक पैसाही मिळत नाही, म्हणून तिने वाड्यावरचा हक्क माझ्या नावे सोडून द्यावा. ती त्याला तयार आहे. मला मात्र हे घाईचे वाटते. हिस्सा सोडल्याने खरोखर फायदा होतो का, ठेवींचे काय होते आणि दागिन्यांचाही हिशेब द्यावा लागतो का, हे जाणकारांनी सांगावे.

लेस्टरवासी

मी इथे एका सल्ला केंद्रात वयस्कर मंडळींचे अर्ज भरून देण्याचे काम स्वेच्छेने करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दर दोन-तीन महिन्यांनी येतो, फक्त बडोद्याच्या जागी कधी नवसारी असते तर कधी राजकोट. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या ताईंना कृपया आजच सांगा की हक्कसोडपत्रावर सही करू नये. कारण पुढे देतो.

मुळात कोणता अर्ज करायचा, हे वयावर ठरते. १५ मे २०१९ पासून इथला नियम असा आहे की जोडप्यातील एकाचे पेन्शनचे वय झाले असेल आणि दुसऱ्याचे झाले नसेल, तर नव्याने अर्ज करताना पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांची सरकारी मदत) मिळत नाही, त्यांना युनिव्हर्सल क्रेडिटच (त्या वयाआधीच्या कमी उत्पन्नाच्या लोकांची मदत) घ्यावे लागते. भावोजींचे वय झालेले आहे, परंतु ताईंना ६६ फेब्रुवारी २०२६ मध्ये पूर्ण होतील. त्यांचा जन्म ६ एप्रिल १९६० च्या आधीचा आहे हे त्यांचे नशीब, कारण त्यानंतर जन्मलेल्यांचे पेन्शनचे वय महिन्यामहिन्याने वाढत ६७ पर्यंत जाते. म्हणजे पुढचे काही महिने युनिव्हर्सल क्रेडिट आणि फेब्रुवारीपासून पेन्शन क्रेडिट, असा त्यांचा रस्ता आहे. मालमत्तेबाबत या दोन्हींचे नियम निरनिराळे आहेत आणि लोकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नवराबायकोची शिल्लक एकत्र मोजतात. ठेव कोणाच्या नावावर आहे, याने काही फरक पडत नाही आणि जोडप्यासाठी मर्यादा दुप्पटही होत नाही. ६,००० पौंडांपर्यंतच्या शिलकीकडे पाहत नाहीत. त्यापुढे १६,००० पर्यंत प्रत्येक २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या अपुऱ्या भागामागेही, दरमहा ४.३५ पौंड उत्पन्न येते असे गृहीत धरून तेवढी रक्कम कापतात. १६,००० च्या वर गेले की काहीच मिळत नाही. हिशेबापुरता पौंड ११५ रुपयांचा धरला, तर ही वरची मर्यादा १८ लाख ४० हजार होते. आपल्याकडे चाळीतली दीड खोली विकली तरी एवढे येतात, म्हणून भारतातील घराची एवढी धास्ती.

ताईंच्या ठेवीचे ४,००० आणि इथले ५,००० मिळून ९,००० पौंड होतात. सहा हजारांच्या वर ३,००० उरतात, त्यांचे बारा तुकडे, म्हणजे महिना ५२.२० पौंडांची कपात. २०२५-२६ ची जोडप्याची महिन्याची मूळ रक्कम ६२८.१० पौंड आहे, त्यात भाड्याचे ४८० पूर्ण धरले तर ११०८.१० होतात. त्यातून भावोजींचे पेन्शन वजा होईल. पूर्ण पेन्शन २०२५-२६ मध्ये ३५ वर्षांच्या हप्त्यांवर आठवड्याला २३०.२५ पौंड आहे, चौदा वर्षांचे ९२.१० होते, म्हणजे महिन्याला साधारण ३९९.१०. ते आणि ठेवीची कपात वजा जाता ६५६.८० पौंड हाती येतील. काहीच मिळत नाही, ही ऐकीव गोष्ट निदान ठेवींच्या बाबतीत तरी खोटी आहे.

आता वाडा. जिथे आपण राहतो ते घर मोजत नाहीत, बाकी सर्व घरे, मग ती जगात कुठेही असोत, मोजतात. पण याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. त्या घरात अर्जदाराचा जवळचा नातेवाईक आपले घर म्हणून राहत असेल आणि त्याचे पेन्शनचे वय झालेले असेल, किंवा आजारपणामुळे त्याची काम करण्याची क्षमता मर्यादित असेल, तर त्या घराची किंमत हिशेबातून पूर्णपणे वगळतात. आई ही अर्थातच जवळची नातेवाईक, आणि ८४ वय म्हणजे प्रश्नच नाही. त्यामुळे आई वाड्यात राहत आहेत तोपर्यंत ताईंचा एक तृतीयांश हिस्सा त्यांच्या मदतीच्या आड येत नाही. जो अडथळा मुळात नाही तो दूर करण्यासाठी ताई आपला वारसा सोडायला निघाल्या आहेत.

जुना बडोदेकर

एवढ्या उलाढाली कशाला? सिटी सर्व्हेच्या कचेरीतले प्रॉपर्टी कार्ड बघायला लंडनहून कोण येणार आहे? आमच्या ओळखीत कित्येकांनी इथल्या ठेवींचा उल्लेखही केला नाही आणि त्यांना काही झाले नाही. अर्जात भारताचे नावच काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस

जुने बडोदेकर काका, तुमच्याबद्दल आदर ठेवूनही मला हे खोडून काढावेच लागेल. मी बडोद्यात अनिवासी लोकांची करविवरणे भरतो. २०१७ पासून भारत आणि ब्रिटन हे दोन्ही देश एकमेकांच्या रहिवाशांच्या बँक खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप एकमेकांच्या कर खात्यांना कळवतात. खाते उघडताना किंवा केवायसी करताना आपण कोणत्या देशाचे करदाते आहोत, हे जे एक पान बँक भरून घेते, ते त्याचसाठी असते. त्यात खातेदाराचे नाव, शिल्लक आणि वर्षभराचे व्याज हे सर्व जाते. म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघायला कोणी येणार नाही हे खरे, परंतु ठेवीची बातमी विमानाशिवाय पोहोचते. आणि मदत घेताना शिल्लक लपवल्याचे उघड झाले, तर घेतलेली रक्कम परत तर करावी लागतेच, शिवाय दंड आणि खटलाही होऊ शकतो. सत्तरीला आलेल्या दांपत्याला हा सल्ला देऊ नये.

या संदर्भात मला ताईंच्या एनआरई ठेवीपेक्षा आईंच्या १२ लाखांच्या ठेवीची काळजी अधिक वाटते. संयुक्त खाते असेल तर ही व्यवस्था प्रत्येक खातेदाराच्या नावे पूर्ण शिल्लक कळवते, अर्धी नव्हे. तिकडच्या कागदावर ताईंच्या नावापुढे १२ लाख, म्हणजे दहा हजारांहून अधिक पौंड दिसतील, आणि ते त्यांच्या ९,००० मध्ये मिळवले तर बेरीज १६,००० च्या पुढे जाते. आपल्याकडे आईच्या ठेवीला मुलीचे नाव सोयीसाठी लावण्याची रीत आहे, हे आपल्याला सांगावे लागत नाही, त्यांना सांगावे लागेल. तिथे विचार होतो तो पैसा खरोखर कोणाचा आहे, याचा. तेव्हा ठेव कोणत्या पैशातून झाली, वडिलांच्या फंडातून की आईंच्या बचतीतून, व्याज कोणाच्या खात्यात जमा होते, कर कोणाच्या पॅनवर कापला जातो आणि विवरणात ते कोण दाखवते, हे दाखवणारे कागद आताच काढून ठेवा. ठेवीच्या पावतीवर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिले असेल तर तेही उपयोगी पडेल, कारण आई असेपर्यंत त्या पैशाला ताईंना हात लावता येत नाही असा त्याचा अर्थ आहे. ताईंचे नाव काढून केवळ वारस म्हणून नामनिर्देशन करणे हा सरळ उपाय आहे, पण तोही अर्जात सर्व सांगितल्यावरच करावा, नाही तर लपवाछपवी केल्यासारखे दिसेल.

सुरसागरकाठचा

लेस्टरवासी आणि हिशेबनीस, दोघांचेही मनापासून आभार. आईची ठेव वडिलांच्या फंडाच्या पैशातून झालेली आहे आणि व्याज आईच्या पेन्शनच्या खात्यात जमा होते, तेव्हा कागद मिळतील. काल रात्री फोनवर ताईशी बोललो. ती म्हणाली की मदतीचा प्रश्न सोडला, तरी तिला हिस्सा नकोच आहे, माहेरी येणे-जाणे राहावे एवढेच तिला हवे आहे. आपल्याकडे बहिणी असेच म्हणतात, आणि मला ते ऐकून बरे वाटण्याऐवजी संकोच वाटला. मायेपोटी हिस्सा दिला तर त्यालाही तिथे आक्षेप घेतात का? दुसरे म्हणजे, वाड्याची किंमत विचारली तर मी जंत्रीची, म्हणजे सरकारी दराची, लिहावी की बाजाराची? आणि हे असे विचारणे जिवावर येते, पण आईनंतर काय होईल?

लेस्टरवासी

तुमचा संकोच समजतो. क्रमाने लिहितो.

स्वतःची मालमत्ता मदत मिळावी किंवा वाढावी या हेतूने दुसऱ्याला दिली, तर ती अजून तुमच्याकडेच आहे असे मानून हिशेब करतात. याला इथे काल्पनिक भांडवल म्हणता येईल असा शब्द आहे. सारा प्रश्न हेतूचा आहे. बहिणीने भावाला हिस्सा देणे ही आपल्याकडील रीत आहे, हे म्हणणे मांडता येते, आणि ते खरे असेल तर अवश्य मांडावे. पण अर्ज करण्याच्या महिनाभर आधी, मदतीसाठी म्हणून सुचवल्यावर केलेले हक्कसोडपत्र हे मायेपोटी होते, हे कोणाला पटवून द्यायचे? तुमच्या पहिल्या प्रश्नाचा शेवटचा परिच्छेदच त्याच्या विरुद्ध पुरावा आहे, हे मी थोडे गमतीने आणि थोडे गंभीरपणे लिहितो. ताईंना हिस्सा द्यायचाच असेल तर तो आईंच्या हयातीत, मदतीशी संबंध न जोडता, सल्लागाराशी बोलून आणि निवांतपणे ठरवण्याचा विषय आहे.

दागिने ही वैयक्तिक वापराची वस्तू मानतात आणि मोजत नाहीत. पाटल्या, मंगळसूत्र, मोहनमाळ यांची यादी द्यावी लागत नाही, मात्र शिल्लक कमी दिसावी म्हणून मुद्दाम सोने घेतले तर ते मोजतात, आणि गुंतवणूक म्हणून घेतलेली बिस्किटे दागिने ठरत नाहीत. एलआयसीच्या चालू पॉलिसीची सोडकिंमतही वगळतात. मुदत पूर्ण होऊन पैसे खात्यात आले की ती शिल्लक झाली.

आता आईंनंतरचे. आई नसताना वाड्यात तुम्ही राहाल. भाऊही जवळचा नातेवाईकच, पण तुमचे पेन्शनचे वय तिथल्या मोजणीने झालेले हवे. तुमचे वय किती ते तुम्ही लिहिलेले नाही. तुमचा जन्म मार्च १९६१ नंतरचा असेल तर ते ६७ धरले जाईल. तोपर्यंत ताईंचा हिस्सा, त्यात आईंच्या हिश्श्यातून येणारी भर धरून, मोजला जाईल. विकण्याचे प्रयत्न सुरू असतील तर सहा महिने, आणि वाजवी कारण असेल तर त्याहून अधिक काळ, तो वगळतात.

परंतु तोपर्यंत ताई पेन्शन क्रेडिटवर असतील, आणि तिथे हवा पालटते. पेन्शन क्रेडिटला १६,००० ची भिंत नाही. पहिल्या १०,००० पौंडांकडे पाहत नाहीत आणि त्यापुढे प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. २०२५-२६ मध्ये जोडप्याला आठवड्याला ३४६.६० पौंडांची हमी आहे. ताईंनी समजा ११ वर्षे हप्ते भरले असतील तर त्यांचे पेन्शन सुमारे ७२.३६ होईल, भावोजींचे ९२.१० धरून १६४.४६, आणि उरलेले १८२.१४ पेन्शन क्रेडिटमधून मिळतील. त्यांची ९,००० ची शिल्लक दहा हजारांच्या आत असल्यामुळे कपात शून्य, आणि घरभाड्यासाठी नगरपालिकेकडे वेगळा अर्ज करता येतो. म्हणजे आज ज्या ठेवीमुळे ५२ पौंड जातात त्याच ठेवीची फेब्रुवारीनंतर कोणी दखलही घेणार नाही. अर्ज वय पूर्ण होण्याच्या चार महिने आधीपासून करता येतो, आणि उशीर झाला तरी तीन महिन्यांपर्यंतचे मागचे मिळते.

ताईंच्या हिश्श्याचे उदाहरणही देतो. वाडा ९० लाखांचा धरला आणि ताईंचा आजचाच एक तृतीयांश हिस्सा घेतला, तर ३० लाख, म्हणजे २६,०८७ पौंड होतात. विक्रीच्या खर्चापोटी दहा टक्के वजा करतात, उरतात २३,४७८. त्यात ९,००० मिळवून १०,००० वजा केले तर पाचशेचे ४५ तुकडे, म्हणजे आठवड्याला ४५ पौंडांची कपात. लागते खरी, पण सर्वस्व जात नाही. त्याच आकड्यावर युनिव्हर्सल क्रेडिट मात्र पूर्ण बंद झाले असते.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही आणि मग पंचाईत होते. ताई आईंना भेटायला बडोद्याला किती दिवस येतात? युनिव्हर्सल क्रेडिट घेत असताना देशाबाहेर एक महिना राहता येते, पेन्शन क्रेडिटला चार आठवडे. जवळच्या नातेवाइकाच्या निधनानंतर थोडी सवलत मिळते. थंडीचे तीन महिने दांडिया बाजारात काढायचे असतील तर त्याची किंमत मोजावी लागते.

हिशेबनीस

किमतीबद्दल लिहायचे राहिले. जंत्री ही दस्त नोंदणीच्या मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली किंमत आहे. गुजरातेत १५ एप्रिल २०२३ पासून ती साधारण दुप्पट झाली, तरी जुन्या शहरात ती आणि प्रत्यक्षातला भाव यांचा मेळ बसेलच असे नाही. तिथे विचारतात तो बाजारभाव, म्हणजे आज तो हिस्सा विकायला काढला तर खरेदीदार किती देईल, हा. आणि विचार करा, दांडिया बाजारातल्या वाड्याचा अविभाजित तिसरा हिस्सा, ज्यात खाली जुन्या भाडे कायद्याचे संरक्षण असलेला भाडेकरू आहे आणि वर कुटुंब राहते, तो बाहेरचा माणूस कोणत्या भावाने घेईल? संपूर्ण वाड्याच्या किमतीला तीनाने भागून येणारा आकडा कोणी देणार नाही. म्हणून मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून हिश्श्याचे, भाडेकरूचा स्पष्ट उल्लेख असलेले मूल्यांकन इंग्रजीत करून घ्यावे. पूर्ण वाड्याचे घेऊ नये. सोबत प्रॉपर्टी कार्ड, वारसाईचा हुकूम, पेढीनामा (वंशावळ) आणि चालू वेरा बिल (घरपट्टीची पावती) ठेवावे. आईंचे आधार कार्ड आणि मतदार यादीतले नाव याच पत्त्यावर आहे ना, हेही पाहून घ्या, कारण सवलतीचा सगळा आधार त्या तिथे राहतात याच गोष्टीवर आहे.

पैसा भारताबाहेर नेता येत नाही, म्हणून हिस्सा मोजू नये, असाही युक्तिवाद काही जण करतात. तो टिकणार नाही. एनआरओ (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नाच्या) खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे.

जुना बडोदेकर

माझे म्हणणे मी मागे घेतो. माझ्या स्वतःच्या मेहुण्याचे खाते आहे तिकडचे, त्यालाही हे वाचायला पाठवतो.

सुरसागरकाठचा

माझा जन्म १९६४ चा, म्हणजे मला ६७ पर्यंत थांबावे लागणार. ताईने सही करायची नाही असे ठरले आहे. अर्जात वाडा, आईची ठेव आणि एनआरई ठेव ही तिन्ही लिहायची, वाड्यापुढे आईचे वय आणि पत्ता द्यायचा, आणि या रविवारी भावोजींनी तिथल्या सल्ला केंद्राची वेळ घ्यायची, असेही ठरले. मी उद्या वेरा बिल आणि प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढायला जातो. ताई डिसेंबरमध्ये सहा आठवडे येणार होती, तिकीट आता चार आठवड्यांच्या आतले करून घ्यायला सांगितले आहे. आईला हे सांगायचे काम माझ्याकडे आले आहे.